साठचा वेग

केसपेपरवर एक रकाना आहे : यशाची शक्यता.
डॉक्टर तो पेन्सिलीने भरतात.
तिम्माण्णा पाथरुट, वय बासष्ट, राहणार भोसे.
डावं मूत्रपिंड, खालचा कप्पा,
खडा चौदा मिलिमीटर, घनता बाराशे.
रकान्यात एक आकडा खोडरबराने पुसलेला,
त्यावर प्रश्नचिन्ह.

मी फक्त यंत्र चालवते.
मिरजेच्या या तळघरात नऊ वर्षं
दगड फोडते, असं म्हणता येईल,
पण त्याच्यासमोर म्हणवेना.
त्याच्या बोटांना रेषाच नव्हत्या.
आधारच्या मशीनने तीनदा परत पाठवलं,
त्यानेच सांगितलं, हसत.

पाठीला जेल लावताना
एकेक फासळी हाताला लागली.
बरं झालं, म्हटलं मनात.
जाड पाठीत लाट वाटेतच दमते,
इथे कातडीपासून खड्यापर्यंत
जेमतेम चार बोटं.
(उपाशीपणाचा असा उपयोग
मी याआधीही मोजला आहे.)

"दगूड दिसतोय का?"
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
बाजारात दुसऱ्याचा बैल बघावा
तसा तो बघत राहिला,
हात न लावता, वजन जोखत.
श्वास घेतला की खडा खाली,
सोडला की वर.
"हलतोय की ह्यो."
"हळू श्वास घ्या, फार नाही हलणार."
"आमचा कदी हलला न्हाय, बाई.
आमीच हलायचो."

"किती टोलं?"
"तीन हजार."
"अन् मिंटाला?"
"नव्वद."
बाहेर बाकावर पाच जण होते
आणि सव्वासहाला माझी माधवनगरची बस.

तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला,
"घाई केली की पापुद्रा उडतो नुस्ता.
धूळ हुती, फुडचा टोला धुळीवर पडतो,
आत काय जात न्हाय.
एक द्यायचा. त्यो जिरू द्यायचा.
मग दुसरा."

गेल्या महिन्यात डॉक्टर हेच म्हणाले होते,
बुडबुड्यांचं चित्र काढून :
आधीच्या ठोक्याचे विरले नाहीत
तर पुढच्याची वाट अडवतात.
मी मान डोलावली होती
आणि चकती नव्वदवरच ठेवली होती.

चकती साठवर आणली.
सुरुवात हलक्या हाताने, मग चढत.
टक्.
टक्.
तो मोजत होता, त्याच्या घरच्या बोलीत,
ओकटी, रेंडू, मूडू,
शंभर झाले की एक बोट मिटत.
तिसऱ्यांदा मिटलेली मूठ उघडली तेव्हा
बस पुलावरून गेली असेल.

"फुटला?"
"फुटला. पण खालच्या कप्प्यात आहे.
चुरा आधी वर चढेल, मग बाहेर येईल.
पाणी भरपूर प्यायचं."
"म्हंजी खाणीचा तळ," तो म्हणाला, शर्ट चढवत.
"फोडायला एकला गडी पुरतो.
वर काढायला बायका लागायच्या, पाट्या घिऊन.
हिनं काडलाय तीस वर्सं."
आणि दाराकडे बोट केलं.
दारात रुक्काव्वा, हातात पाण्याची बाटली,
झाकण आधीच उघडलेलं.

तीन आठवड्यांनी फोटो काढला.
तळाशी दोन तुकडे, एक सहाचा, एक चारचा.
डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह पुसून
'अंशतः' लिहिलं, या वेळी पेनने.

रुक्काव्वाने पदराची गाठ सोडली,
माझ्या तळहातावर
गाळणीत सापडलेली करडी वाळू ओतली,
चिमूटभरही नाही.
"ह्येवढाच आला?" तिने विचारलं,
फोटो उजेडाकडे धरून,
उलटा.
मग त्या दोन ठिपक्यांवर नख ठेवून,
जणू मुकादमालाच सांगतेय,
"मी खाली उतरले आसते तर
एका पाटीत आणलं आसतं."